बोटभर रेडिओ आणि घरातली खरखर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)



रेडिओवर येऊन रेडिओविषयीच बोलायचं, म्हणजे पाहुण्यानं यजमानाला त्याच्याच घराचं वर्णन ऐकवण्यासारखं आहे. तरीही आज मी तेच करणार आहे. विषय आहे एक बोटभर लांबीचं यंत्र, दिसायला पेन ड्राइव्हसारखं. कॉम्प्युटरच्या यूएसबीच्या खाचेत ते बसवायचं, मागच्या बाजूला एरियलची तार जोडायची, आणि मग जे काम एकेकाळी लाकडी पेटीतले व्हॉल्व्ह, कॉइल आणि कंडेन्सर करत, ते काम कॉम्प्युटरमधला एक प्रोग्राम करतो. 'सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ' असं त्याचं नाव, थोडक्यात एसडीआर. आमच्या घरात त्याला बोटभर रेडिओ म्हणतात.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी.ए. झालो, कविता लिहितो आणि इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीला राहतो. पानमळ्यांचं गाव, तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचं मुक्कामाचं गाव. तेव्हा लहरींविषयी मी जे सांगेन ते इंजिनियरचं बोलणं नव्हे. आयुष्यभर रेडिओ ऐकलेल्या माणसाचं बोलणं आहे.

आमच्या घरात रेडिओ आला तेव्हा त्याला परवाना लागत असे. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय रेडिओ बाळगणं हा गुन्हा होता. अब्बा दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरत आणि परवान्याचं पुस्तक ट्रंकेत, जमिनीच्या कागदांसोबत ठेवत. ही परवान्याची पद्धत १९८० च्या दशकात संपली. पण ऐकण्यासाठी सरकारची परवानगी लागते, म्हणजे ऐकणं ही काहीतरी मोठी गोष्ट असणार, हे माझ्या मनात तेव्हाच बसलं.

रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाची संध्याकाळ मला आठवते. पश्चिमेला ढग असले की गावातला कुणीच खात्रीनं चांद दिसला म्हणू शकत नसे. मग सगळे आमच्या पडवीत, रेडिओभोवती. लांबच्या कुठल्या शहरात चांद दिसल्याची गवाही मिळाली, अशी बातमी त्या खरखरीतून यायची. शेजारचे काकाही येऊन बसत, कारण उद्याचा शीरखुर्मा त्यांच्याही घरी जायचा असे. एवढ्या माणसांची उद्याची सकाळ एका आवाजावर अवलंबून असायची. म्हणून खरखर वाढली की अब्बा रेडिओ उचलून हळूहळू फिरवत, आणि एका दिशेला आवाज स्वच्छ होई. हे फिरवणं अंधश्रद्धेचं नव्हतं, त्याला शास्त्र होतं. ते पुढे सांगतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझी अम्मी ऐंशीच्या पुढची आहे. काचबिंदूनं तिची नजर गेली. वर्तमानपत्र नाही, टीव्ही नाही, मोबाइलच्या काचेवर बोट कुठे ठेवायचं ते दिसत नाही. तिला उरला तो रेडिओ. त्याचं बटण तिच्या बोटांना पाठ आहे. सकाळच्या प्रादेशिक बातम्या, संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम, अधूनमधून एखादं नाट्यगीत. तीस वर्षांपूर्वी माझ्या कविता पहिल्यांदा प्रसारित झाल्या त्या तिनं याच पुणे केंद्रावर ऐकल्या. २०२३ च्या उन्हाळ्यात तिनं तक्रार सुरू केली. "बेटा, ये रेडू में कोन भजे तलरै?" म्हणजे, या रेडिओत भजी कोण तळतंय?

खरोखरच तसा आवाज येत होता. तेलात पीठ सोडल्यासारखा चर्रर्र आणि त्याच्यामागे कुठेतरी निवेदिकेचा बुडालेला स्वर. ज्याला विचारावं त्याचं उत्तर तयार. एक म्हणाला, रेडिओ जुना झाला, नवा घ्या. नवा घेतला; भजी तशीच. दुसरा म्हणाला, मध्यम लहरी आता कोण ऐकतं, केंद्रानंच ताकद कमी केली असेल. तिसरा म्हणाला, मोबाइलवर ॲप टाकून द्या. पण ॲप ऐकायला आधी पाहावं लागतं, आणि अम्मीची अडचण नेमकी तीच होती. आमचं गाव पुण्यापासून शंभरावर किलोमीटर. एफएमच्या लहरी साधारणपणे नजरेच्या टप्प्यात सरळ जातात, त्यामुळे शहराच्या एफएमचा आम्हाला उपयोग नाही. मध्यम लहर जमिनीला धरून चालते, ती येते. ती बुडाली तर अम्मीपुरतं पुणे बुडालं.

माझा पुतण्या डिप्लोमा करत होता. तो म्हणाला, "चाचा, दादीच्या रेडिओत काय शिरलंय ते आपण डोळ्यांनी बघू." आणि त्यानं तो बोटभर रेडिओ मागवला.

या यंत्राची जन्मकथा गमतीची आहे. मुळात ते रेडिओ म्हणून बनलंच नव्हतं. काही देशांत घरच्या कॉम्प्युटरवर डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी असे स्वस्त तुकडे विकले जात. त्यांत रिअलटेक या तैवानी कंपनीची एक चिप असे. २०१२ मध्ये फिनलंडचा अँटी पालोसारी हा प्रोग्रामर आणि ऑस्मोकॉम या गटातली मंडळी यांच्या खटपटीतून जगाला कळलं, की ही चिप टीव्हीचं चित्र तयार करण्याआधीचा कच्चा माल, म्हणजे एरियलवर आलेली लहर आकड्यांच्या रूपात, तशीच कॉम्प्युटरला देऊ शकते. मग काय, जे यंत्र प्रयोगशाळेत लाखांत मिळायचं त्याचा गरीब भाऊ एकदम बाजारात उभा राहिला. आज साधा तुकडा दीड-दोन हजारांत येतो, थोडा बरा चार-पाच हजारांत. त्यावर चालणारे चांगले प्रोग्राम फुकट मिळतात.

त्याचं काम कसं चालतं? जुन्या रेडिओत आपण खुंटी फिरवायचो तेव्हा आतल्या कंडेन्सरची पाती एकमेकांत सरकायची आणि एकच स्टेशन आत यायचं. बाकीची बाहेर उभी. हा तुकडा तसं करत नाही. तो सेकंदाला वीस-चोवीस लाख वेळा लहरीची उंची मोजतो आणि ते आकडे कॉम्प्युटरला देतो. प्रत्येक मोजमाप २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेलं असतं. स्टेशन निवडणं, बाजूचं गाळणं, आवाज वेगळा काढणं हे सगळं नंतर गणितानं होतं. त्यामुळे लहरींचा एक रुंद पट्टा एकाच वेळी पडद्यावर दिसतो. त्या चित्राला 'वॉटरफॉल' म्हणतात, धबधबा. वरून खाली रंग वाहत असतो. जिथे स्टेशन आहे तिथे उजळ रेघ, जिथे काही नाही तिथे गडद निळं. रेडिओ ऐकण्याऐवजी पाहायला मिळतो, हे मला पहिल्यांदा जरा चमत्कारिकच वाटलं.

एक अडचण होती. या जातीचा साधा तुकडा साधारण २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झ एवढ्या टप्प्यात चालतो. पुणे केंद्राची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची, म्हणजे एक मेगाहर्ट्झच्याही खालची. ती त्याच्या कानाच्या फारच खाली. पण काही तुकड्यांत या खालच्या लहरींसाठी वेगळी सोय केलेली असते. पुतण्यानं तसा मागवला होता. गच्चीवरून परसातल्या कडुलिंबापर्यंत साधी तांब्याची तार ओढली आणि तिचं टोक खिडकीतून आत घेतलं. झालं आमचं केंद्र.

पडद्यावर ७९२ च्या जागी रेघ होती. म्हणजे पुणे येत होतं. पण तिच्या दोन्ही बाजूंना, ठरावीक अंतरावर, कुंपणाच्या मेढी ठोकाव्यात तशा जाड, थरथरत्या रेघा उभ्या होत्या. एक मेढ नेमकी पुण्याच्या अंगावर. निळं असायला हवं तिथे सगळा पिवळा धुरळा. पुतण्या म्हणाला, "हे स्टेशन नाही चाचा. हे काहीतरी मशीन आहे."

संध्याकाळी वीज गेली. आमच्याकडे ती जातेच. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. आणि त्या क्षणी पडद्यावरून कुणीतरी फडकं फिरवावं तसं झालं. मेढी गेल्या, धुरळा बसला, निळ्या पाण्यात पुणे केंद्र काठीसारखं सरळ उभं. आतल्या खोलीत सेलवर चालणारा अम्मीचा रेडिओ एकदम बोलू लागला. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालला होता. अम्मी म्हणाली, "अब कैसा साफ आरै!" गावात अंधार पसरला होता, आणि जिला उजेड-अंधार सारखाच तिच्या खोलीत मात्र पहिल्यांदा स्वच्छ आवाज आला होता.

म्हणजे केंद्र ठीक होतं, रेडिओही ठीक होता. भजी तळली जात होती ती आमच्या आसपासच.

दुसऱ्या दिवशी शोध सुरू झाला. रीत सोपी आहे, कुणालाही करता येईल. एकानं पडद्याकडे पाहायचं, दुसऱ्यानं एकेक वस्तू प्लगमधून काढायची. पंखा काढला, काही नाही. फ्रीज काढला, काही नाही. कोपऱ्यातला एक स्वस्त मोबाइल चार्जर उपसला, तर अर्ध्या मेढी पडल्या. पडवीतला एलईडीचा दिवा मालवला, धुरळा निम्मा खाली बसला. तरी पुण्याच्या अंगावरची ती एक मेढ हटेना. मग पुतण्यानं खिशातला छोटा रेडिओ स्टेशन नसलेल्या जागेवर लावला आणि तो हातात धरून भिंतीभिंतीनं फिरला. जिथे चर्रर्र वाढेल तिकडे जायचं. शेवटी तो शेजारच्या भिंतीपाशी थांबला. पलीकडे पानांच्या व्यापाऱ्यांचं घर. त्यांनी गेटवर कॅमेरा बसवला होता, त्याचा ॲडॅप्टर.

शेजाऱ्याला जाऊन सांगायचं तरी काय? तुमच्या कॅमेऱ्यामुळे आमच्या अम्मीच्या बातम्या अडतात, असं? पण ते हसून म्हणाले, "अम्मींच्या बातम्या आमच्या कॅमेऱ्यानं खाल्ल्या होय! बदला की मग." चांगल्या प्रतीचा ॲडॅप्टर बसवला, वायरीला फेराइटचं कडं घातलं आणि त्यातून वायरीचे चार-पाच वेढे घेतले. मेढ गेली. खर्च तीन-चारशे रुपये.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण ही खरखर आता घरोघरी आहे. पूर्वीच्या चार्जरमध्ये लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असे. आताचे हलके चार्जर, एलईडी दिव्यांच्या आतले सर्किट, काही सोलरचे इन्व्हर्टर वीज सेकंदाला हजारो वेळा, कधी लाखभर वेळा तोडून-जोडून वापरतात. त्यामुळे वीज वाचते, वजन कमी होतं, ही चांगलीच गोष्ट. पण प्रत्येक तोडजोडीला एक बारीकशी ठिणगी म्हणा, लहर निघते. तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांवरही तिची पिल्लं उभी राहतात. म्हणून त्या मेढी ठरावीक अंतरावर दिसतात. चांगल्या चार्जरमध्ये ही लहर आतच अडवणारे दोन-चार भाग असतात. स्वस्तात विकायचं म्हणून पहिल्यांदा वगळले जातात ते तेच भाग. घरातली वायरिंग मग एरियलचं काम करते आणि ती खरखर गल्लीभर पसरवते.

तेव्हा ज्यांच्या घरी मध्यम लहरींवर रेडिओ ऐकला जातो त्यांना चार गोष्टी सांगतो. यांच्यासाठी बोटभर रेडिओही लागत नाही. रेडिओ चार्जर, दिवे आणि टीव्हीच्या पेटीपासून आठ-दहा फूट दूर ठेवा. शक्यतो सेलवर चालवा. खरखर आली तर एकेक वस्तू बंद करून पाहा. आणि रेडिओ फिरवून पाहा. मध्यम लहरीचं एरियल म्हणजे आतली फेराइटची काळी कांडी. ती ज्या दिशेला टोक करते त्या दिशेचा आवाज तिला सर्वांत कमी ऐकू येतो. टोक खरखरीकडे करा, खरखर मरते. माझे अब्बा पडवीत रेडिओ फिरवत होते ते हेच.

आता आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चला, जुन्नर तालुक्यात. नारायणगावाजवळ खोडद नावाचं गाव आहे. तिथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा साधारण एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या सोळा तीन बाजूंना पसरलेल्या, एकूण पसारा सुमारे पंचवीस किलोमीटरचा. जागा खोडदचीच का निवडली? अनेक कारणांतलं एक महत्त्वाचं कारण असं, की त्या काळी तिथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता आणि आजूबाजूचे डोंगर आड येत होते. म्हणजे माझ्या अम्मीला जे हवं होतं तेच त्या शास्त्रज्ञांना हवं होतं. शांतता.

त्या शांततेतून काय ऐकू येतं पाहा. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापारेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा काही वॅटचाच ट्रान्समीटर, अंतर सतरा कोटी किलोमीटरांच्या घरात. ती हाक खोडदच्या तबकड्यांनी टिपली. यान काय सांगतंय ते शब्द त्यात कळत नव्हते, नुसती हाक कळत होती. पण हाकेचा सूर बदलला की यानाचा वेग बदलला, एवढं त्यावरून उमगत होतं. जमिनीला टेकण्याच्या थोडं आधी ती हाक थांबली. यान कोसळलं होतं. ती बातमी कळवण्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका गावाचा कान होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

गंमत अशी, की खोडदच्या तबकड्या ज्या लहरी ऐकतात त्यांतल्या काही या दीड-दोन हजारांच्या तुकड्याच्या टप्प्यातही येतात. हायड्रोजनच्या अणूतून निघणारी २१ सेंटिमीटरची लहर १,४२० मेगाहर्ट्झची. ती १९५१ मध्ये हार्वर्डमध्ये इवेन आणि पर्सेल यांनी खिडकीतून बाहेर काढलेल्या लाकडी भोंग्यानं प्रथम पकडली. आज ठिकठिकाणचे विद्यार्थी पत्र्याचा भोंगा, एक छोटा ॲम्प्लिफायर आणि असाच तुकडा वापरून आपल्या आकाशगंगेची ती लहर पकडतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदला शाळकरी मुलांचं प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण लोकांना पाहायला मिळते. आपल्या मुलांना एकदा जरूर न्या. परत येताना त्यांना एवढं विचारा, की एवढ्या मोठ्या कानाला सगळ्यांत मोठा त्रास कशाचा असेल? उत्तर तुमच्या खिशात आणि तुमच्या प्लगमध्ये आहे.

आमच्या गच्चीवर मंगळाची हाक येणं शक्य नव्हतं. पण ढग आले. अमेरिकेचे नोआ नावाचे हवामानाचे उपग्रह साडेआठशे किलोमीटरच्या आसपास उंचीवरून फिरत आणि खाली जे दिसेल त्याचं चित्र १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर उघडपणे सोडत जात. कुणीही घ्यावं. परवाना नाही, पैसे नाहीत. पुतण्यानं त्रेपन्न-त्रेपन्न सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या सळ्या १२० अंशांच्या कोनात लाकडी फळीवर बसवल्या. २०२४ च्या जूनमधली सकाळ. उपग्रह क्षितिजावर आला आणि कॉम्प्युटरमधून टकटक, टकटक आवाज सुरू झाला. सेकंदाला चित्राच्या दोन ओळी. अम्मी खाटेवर बसून ऐकत होती. म्हणाली, "ये तो मेरी सिलाई मशीन है." आयुष्यभर तिनं गावाचे कपडे शिवले. अवकाशातून येणारा आवाज तिला ओळखीचा वाटला.

दहा-बारा मिनिटांत चित्र शिवून झालं. अरबी समुद्र, किनारा आणि सह्याद्रीला येऊन टेकलेली ढगांची पांढरी रांग. आमच्या बाजूला काही नाही. मी अम्मीला वर्णन करून सांगत होतो. तिनं विचारलं, "हमारे ऊपर का बादल कां है?" मी म्हणालो, डोंगरापलीकडे थांबलाय. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द मी शाळेत पाठ केला होता, त्यावर मार्क मिळवले होते. तो असतो कसा, ते त्या दिवशी पाहिलं. त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण चार किलोमीटर. आमचं निमगाव केतकी, पानमळे, बाजार, मशीद, मंदिरं, सगळं एक-दोन ठिपक्यांत. ते ठिपके कोरडे होते.

ते नोआ उपग्रह आता नाहीत. त्यांच्यातला नोआ-१५ हा १९९८ चा, बाकीचे दोन त्यानंतरचे. २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये तिन्ही बंद करण्यात आले. म्हातारे झाले होते, त्यांचं काम नव्या उपग्रहांनी घेतलं. रशियाचे मेटिऑर जातीचे उपग्रह त्याच पट्ट्यावर डिजिटल चित्रं सोडतात, ती अशाच तुकड्यानं घेता येतात. पण ती टकटक गेली. नव्या उपग्रहांची चित्रं जास्त स्पष्ट असतात आणि मोबाइलवर सहज दिसतात, मीही पाहतो. तरी फरक आहे. मोबाइलवरचं चित्र कुणीतरी आपल्याला दाखवतं. गच्चीवरचं चित्र आम्ही वाट पाहून, सळ्या वळवून, स्वतः उतरवून घेतलं होतं. विकतचं पीठ आणि घरच्या जात्यावरचं पीठ, दोन्हींची भाकरी होते. पण जातं ओढलेल्या हाताला धान्य कळतं.

आता थोडं नाजूक बोलायचं आहे. ज्या यंत्राला एवढं ऐकू येतं त्यानं काय ऐकू नये? डोक्यावरून जाणारी विमानं १,०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा आणि उंची सांगत जातात. ती इतरांना कळावी म्हणूनच असते. आकाशवाणी सर्वांसाठी आहे. उपग्रहांची चित्रं सर्वांसाठी आहेत. हौशी हॅम मंडळी एकमेकांशी बोलतात तेही उघड असतं. पण दुसऱ्या कुणासाठी पाठवलेलं बोलणं, पोलिसांचं असो की कुणा खाजगी माणसाचं, ते आपलं नव्हे. १९३३ च्या कायद्यानंतर आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. दुसऱ्याचा निरोप चोरून ऐकणं तेव्हाही गैर होतं, आजही आहे. आणि कायदा नसता तरी आमच्या अम्मीचा नियम होताच: "पराये के दरवाजे को कान नै लगाना." बोटभर रेडिओ घरात आला तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं तो नियम पुतण्याला पुन्हा ऐकवला.

पालखीच्या मुक्कामाच्या रात्री आम्ही मोबाइलचा पट्टा पडद्यावर पाहिला. इतर दिवशी तो कुठे दाट, कुठे विरळ असतो. त्या रात्री काठोकाठ भरलेला. हजारो वारकरी घरी फोन करत असणार: पोचलो, जेवलो, पाय दुखतात, उद्या इंदापूर. यातला एक शब्दही कळत नाही, कारण मोबाइलचं बोलणं कुलूपबंद असतं, आणि ते तसंच असावं. आम्हाला फक्त गर्दी दिसली. माणसं आपापल्या माणसांशी बोलत आहेत, एवढं कळलं. तेवढं पुरे होतं.

श्रोतेहो, हे यंत्र सगळ्यांनी घ्यावं असं माझं म्हणणं नाही. पण तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कुलात एक असावं, असं मात्र मला मनापासून वाटतं. शाळेत जुना कॉम्प्युटर असतो, विज्ञानाचे शिक्षक असतात, तार आणि गच्ची असते. दोन हजारांत मुलं लहर म्हणजे काय ते पुस्तकाबाहेर पाहू शकतील. आणि पहिला प्रयोग आकाशगंगेचा करू नये. पहिला प्रयोग शाळेतलेच दिवे आणि चार्जर एकेक बंद करून पाहण्याचा करावा. आपल्यातून किती आवाज निघतो ते आधी कळावं, मग दूरचं ऐकायला बसावं.

कवितेच्या धंद्यात इतकी वर्षं घालवल्यावर मला एवढं कळलं आहे, की बोलणारे पुष्कळ असतात आणि बोलण्याची ताकदही पुष्कळ असते. कमी पडते ती ऐकणाऱ्याभोवतीची शांतता. नजर गेलेली, अंथरुणाला खिळलेली, एकटी राहणारी अनेक माणसं आजही रेडिओच्या आधारावर दिवस काढतात. त्यांची खरखर कदाचित तुमच्या भिंतीतून जात असेल. नवा चार्जर घेताना पन्नास रुपये वाचवण्यासाठी रस्त्यावरचा उचलू नका, चांगल्या प्रतीचा घ्या. काम झालं की तो प्लगमधून काढा. आणि शेजारून कुणी येऊन म्हणालं, की तुमच्या दिव्यामुळे आमच्या आजीला बातम्या ऐकू येत नाहीत, तर हसू नका. त्यांच्याबरोबर जा आणि दिवा मालवून पाहा.